ओळीच्या तोंडाशी दगडी खांब

कापड ओळीत गाड्या येऊ द्यायच्या की नाही, यावरून उत्तमराव देशमुखांच्या घरात बापलेकांची पंगत मोडली होती. बाप आधी जेवून खाली दुकानात उतरे, मग लेक पाटावर बसे. अमावास्येला मात्र दुकान बंद. दोघांनाही माडीवरच राहावं लागलं, आणि कोकिळेनं सासऱ्याचं आणि नवऱ्याचं ताट मुद्दाम शेजारी मांडलं.

उत्तमराव बसले, पण लेकाकडे न पाहता बायकोला म्हणाले, "विचारा तुमच्या मेंबरसाहेबाले. आता लुगडी विकाची, का खांब पूजाचे?"

शालिग्राम त्याच वर्षी खामगावच्या म्युनिसिपल कमिटीवर निवडून आला होता. पहिलाच ठराव त्यानं आपल्याच दाराचा मांडला होता. विहिरीच्या बाजूनं आणि मारुतीच्या बाजूनं, ओळीच्या दोन्ही तोंडांशी दगडी खांब रोवायचे. आत बैलबंडी नाही, पडद्याची दमणी नाही, टांगा नाही, मोटार नाही. माणसांनी पायी यावं, पायी जावं. दुकानांचा माल मागच्या बोळातून यावा.

"माय, बाबांले सांग," तो भाकरी मोडत म्हणाला, "पायी चालणाऱ्या बायाही लुगडं नेसतात."

"त्याले सांगा, नेसतात. पण दमणीतली देशमुखीण एका वक्ती जेवढं नेते, तेवढं पायी चालणाऱ्या बाया सालभरात नेत नाहीत."

"मी काय डाकवाली आहो?" गोजरबाई आमटी वाढता वाढता म्हणाल्या. "दोघांचे पाट लागून आहेत. एकमेकांले सांगा."

कोकिळेनं हसू पदरात दाबलं.

उत्तमराव चुकीचं बोलत नव्हते. या घराण्यातला धाकटा भाऊ, म्हणजे त्यांचे वडील, गावची जमीन थोरल्याकडे सोडून खामगावात आले आणि देशमुख असून त्यांनी हाती गज घेतला, तो दमण्यांच्या भरवशावर. मोठ्या घरच्या बायांना गोशा. त्या बाजारात उतरत नसत. दमणी दुकानापुढे उभी राही, गडी लुगड्यांची चवड पडद्याशी नेई, आत पसंती होई आणि नको असलेली लुगडी बाहेर येत. बाईचं बोट दिसलं तरी दुकानातली माणसं नजर खाली घालत. उत्तमरावांनी आपल्या घरातही तीच रीत ठेवली होती. गोजरबाई लग्न होऊन या माडीवर आल्या तेव्हापासून समोरच्या ओळीत त्यांचा पाय पडला नव्हता. त्या जात-येत ते मागच्या दारानं.

"लारी बंद करा," उत्तमराव आता आढ्याकडे पाहून बोलले. "त्याले मी पहिला हात वर करतो. जिनातल्या कपाशीच्या गाठी टेसनावर न्याले दुसरा रस्ता नाही का? पण दमणीनं कोनाचं काय केलं?"

शालिग्रामनं हातातला घास ताटात ठेवला. तो पहिल्यांदाच सरळ बापाशी बोलला.

"बाबा, लारी पाहून जे बैल बुजले ते दमणीचेच होते. बिलकिस लारीखाली नाही आली. दमणीच्या चाकाखाली आली."

समोरच्या युसूफ मणियाराची ती नात. गेल्या कपाशीच्या हंगामात तिचं पाऊल कापून काढावं लागलं होतं. ती पडली तेव्हा गादीवरून उडी मारून पहिले धावले होते ते उत्तमरावच. तिला उचलताना त्यांचं धोतर रक्तानं भरलं होतं, आणि पुढे ते धोतर त्यांनी कोणाला धुवू दिलं नव्हतं.

"मले दुःख नाही असं वाटते तुले?" ते हळूच म्हणाले.

"नाही वाटत, बाबा. म्हणून तर बोलून राह्यलो."

"मग तुझ्या मायले विचार. बाया उतरतात का, ते बाईच सांगंन."

"विचारतोच." शालिग्रामला वाटलं, इथं आपण जिंकलो. माय आपल्याच बाजूची. "माय, तू नाही म्हटलं तर उद्या मी ठराव मांगं घेतो. तू हो म्हटलं तर बाबांनी इरोध कराचा नाही. कबूल?"

उत्तमरावांनाही वाटलं, आपण जिंकलो. "कबूल."

गोजरबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "सांगतो," त्या म्हणाल्या. "आधी जेवा."

*

माडीला ओळीकडे एक खिडकी होती. जाळीची. बाहेरून आतलं माणूस दिसत नसे.

गोजरबाईंची लेक गीता सोनाळ्याच्या देशमुखांकडे दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगा झाला, आणि पाठवणीच्या दिवशी उत्तमरावांनी विहिणीसाठी दुकानातलं सगळ्यात उंची लुगडं स्वतःच्या हातानं काढलं. प्रत्येक लुगड्याच्या आतल्या घडीला किमतीची चिठ्ठी टाचलेली असे. रोज गिऱ्हाइकाला देताना ती ते न चुकता काढत. घरच्या आहेराला मात्र आनंदात विसरले. भरल्या बैठकीत घडी उलगडली आणि चिठ्ठी विहिणीच्या मांडीवर लोंबली.

"विहिणीले किंमत लावून राह्यले का दुकानदार?" मनकर्णाबाई म्हणाल्या. उत्तमरावांनी हात जोडले, गोजरबाईंनी पाय धरले. पण सोनाळ्याच्या चार बाया बैठकीत होत्या आणि त्यांच्यासमोर तोंडातून शब्द गेला होता. "आजपासून आमची दमणी या दारी थांबणार नाही." त्यांच्या घरी बाई दमणीशिवाय कुठे जात नसे. दमणी थांबणार नाही म्हणजे लेक येणार नाही, एवढा त्याचा अर्थ.

तेव्हापासून ना आखाजी, ना भाऊबीज. शालिग्राम दोनदा सोनाळ्याला जाऊन आला. ओसरीवर चहा मिळाला, बहीण दिसली नाही. तिसऱ्यांदा त्यानं नाव काढलं नाही.

पण दरसाल दिवाळीआधी मनकर्णाबाईंची दमणी खामगावात येई. उत्तमरावांच्या दारी थांबत नसे. रस्ता ओलांडून समोर युसूफच्या चुड्यांच्या दुकानापुढे थांबे. मग युसूफची बायको खुर्शीदा टोपली घेऊन दमणीशी जाई, पडद्यातून एक हात बाहेर येई, आणि ती त्या हातात चुड्या चढवी. आधी उजवा, मग डावा.

तो हात गोजरबाई खिडकीतून पाहत.

पहिल्या साली मनगट वाळलं होतं. दुसऱ्या साली भरलं होतं, आणि गोजरबाई आठवडाभर गाणं गुणगुणत होत्या. कोपराच्या वर काही दिसत नसे. नातू पडद्याच्या आत असे. एकदा त्याचं रडणं तेवढं ऐकू आलं. खुर्शीदा हात दाबून मऊ करता करता आत पुटपुटे, "माय बरी आहे. खिडकीत आहे." मग गीता हात उगाच जरा पुढे काढी, उन्हात धरी, बोटं हलवी. ही गोष्ट दोघींनी घरातल्या पुरुषांना कधी सांगितली नव्हती. सांगितली असती तर शालिग्रामनं दमणी अडवून बहिणीला बोलायला लावलं असतं, आणि मग तो हातही आला नसता.

खांब विहिरीशी लागले की दमणी विहिरीशी थांबेल. माडीच्या खिडकीतून विहीर दिसत नव्हती.

*

मागच्या बोळातून, मारुतीमागून वळसा घालून गोजरबाई समोरच्या मणियारांच्या परसात गेल्या. खुर्शीदा रंगाप्रमाणे चुड्या दोऱ्यात ओवत होती. बिलकिस भिंतीला धरून एका पायावर कोंबड्यांच्या मागे लागली होती आणि कोंबड्यांपेक्षा तीच जास्त ओरडत होती.

"बसा गोजरबाई. आज अमावास्येच्या काऊन आल्या?"

"शालिग्रामनं माझ्यावर टाकलं. मी नाही म्हटलं तर खांब लागत नाहीत."

खुर्शीदानं दोरा दातानं तोडला. तिलाही काय ते लगेच समजलं. तो हात दरसाल तिच्याच हातात असे.

"तर नाही म्हणा," ती म्हणाली.

"तू म्हणून राह्यली हे?"

"मी म्हणतो. युसूफमियांनी खांबांच्या अर्जावर अंगठा मारला, मीच मारू देल्ला. खांब पायजेत मले. पण तुम्ही नाही म्हटलं तर मी तुमच्याशी बोलणं सोडणार नाही. तुमची पोरगी आहे ते."

"आन् ही?" गोजरबाईंनी कोंबड्यांकडे मान वळवली.

"हिचं तर होऊन गेलं. आता दुसऱ्या कोनाचं होईन." खुर्शीदा पुन्हा ओवू लागली. "टोपली घेऊन मी विहिरीलोक जाईनच. हात पाहीन. घरी येऊन सांगीन तुमाले, कसा आहे तं."

"सांगणं आन् पाहणं एक आहे का वं?"

"नाही," खुर्शीदा म्हणाली. "मी खोटं काऊन बोलू?"

बिलकिसनं शेवटी एक कोंबडी धरली आणि छातीशी घेऊन ती एका पायावर उड्या मारत आली. "आज्जी, पाहा." गोजरबाईंनी कोंबडीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग पोरीच्या. कितीतरी वेळ हात तिथेच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी दोघांनाही बोलावलं नाही. शालिग्राम अंगणात हात धूत होता, त्याच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "लाव खांब."

"मले ठाऊक होतं, माय." तो आनंदला. "तुले पटलं ना?"

"लाव म्हटलं ना. जास्त विचारू नको."

*

कोकिळेला मात्र चैन पडेना. ठराव पास झाला तेव्हा घरात पेढे आले, सासूनं पेढा हातात घेतला आणि तसाच देव्हाऱ्यापुढे ठेवला. खांब रोवायला गवंडी आले तेव्हा सासू खिडकीशी बसून होती. समोर मणियारांच्या दुकानापुढच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती.

"आत्याबाई, तिथं काय आहे?"

"काही नाही."

"मले दिसते तं, तुम्ही दरसाल दिवाळीच्या आधी इथं बसता. भाजी करपते, तरी उठत नाही."

गोजरबाईंनी सुनेकडे पाहिलं. ही पोर कमी बोलते, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं. ती पाहत होती, म्हणून बोलत नव्हती. मग त्यांनी सांगितलं. हाताचं, मनगटाचं, उन्हात हलणाऱ्या बोटांचं.

कोकिळेला नवऱ्याचा राग आला, आणि लगेच कळलं, त्याला ठाऊक असतं तर त्यानं खांबाचं नाव काढलं नसतं. "ह्यायले सांगू?"

"नको. चांगलं काम करून राह्यला. त्याच्या गळ्यात आपला दगड काऊन बांधाचा?"

खांब लागले. पहिले दिवस उत्तमराव गादीवर बसून ओस दाराकडे पाहत आणि दिवसातून चारदा म्हणत, "काय मेंबरसाहेब, कोनी आलं का?" मग हळूहळू बाया येऊ लागल्या. दमणीतल्या नव्हेत. कुणब्यांच्या, तेल्यांच्या, मोमिनांच्या. पोरं मोकळी सोडून त्या ओट्यावर टेकत, लुगडं अंगाला लावून एकमेकींना दाखवत, हसत, दोनदा परत येत. नजर खाली घालून विकायची सवय असलेले उत्तमराव आधी बावरले. एकदा एका म्हातारीनं त्यांना विचारलं, "दादा, मले कोनता रंग दिसन?" त्यांनी मान वर करून नीट पाहिलं आणि सांगितलं, "जांभळा." मग दिवसभर ते कोणाशी भांडले नाहीत.

*

दिवाळी तोंडावर आली असताना एका दुपारी खुर्शीदा टोपली डोक्यावर घेऊन मणियारांच्या दुकानातून निघाली. विहिरीकडे वळण्याआधी तिनं मान वर करून माडीकडे पाहिलं. एवढंच.

गोजरबाई खिडकीतून उठल्या. पुन्हा बसल्या.

"चला," कोकिळा म्हणाली.

"कुठं?"

"विहिरीलोक. दमणी तिथं आहे."

"मांगच्या बोळानं तं विहिरीवर निघत नाही वं."

"समोरून चला."

"ओळीतून?" गोजरबाईंना वाटलं, पोर थट्टा करते. "हे गादीवर आहेत. गिऱ्हाईक आहे. मी आजलोक…"

"तुमच्या लेकानं रस्ता मोकळा केला, आत्याबाई. बैल नाही, गाडी नाही. माणसंच आहेत."

जिना उतरून त्या दोघी दुकानाच्या बाजूच्या दारातून ओळीत आल्या, तेव्हा उत्तमराव एका बाईपुढे लुगडं पसरत होते. बायको ओळीत उभी आहे, हे त्यांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा हातातलं लुगडं घसरलं. गोजरबाई थांबल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून पाय पुढे टाकायचा की मागे, ते ठरवायचं, अशी आयुष्यभराची सवय.

"कुठं?" उत्तमराव म्हणाले.

"सोनाळ्याच्या ईनबाईची दमणी आली. विहिरीपाशी."

उत्तमरावांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं, ते कोकिळेला पुढेही कधी सांगता आलं नाही. त्यांनी गादीवरून उतरून आपल्या वहाणा बायकोपुढे सरकवल्या. ती घाईत अनवाणीच उतरली होती.

"दगड तापले आहेत," ते म्हणाले. "जाय."

त्या मोठ्या वहाणा फटफट वाजवत गोजरबाई चालू लागल्या. पदर डोळ्यांवर ओढलेला, कोकिळेचा दंड घट्ट धरलेला. माडीवरून ही सगळी दुकानं त्यांनी वरून पाहिली होती, छपरं आणि टोप्या तेवढ्या. खालून प्रत्येक दुकान वेगळंच होतं. कोणी त्यांना ओळखत नव्हतं. कोणी नजर खाली घालत नव्हतं. एका पोरानं धावता धावता त्यांना धक्का दिला आणि "माफ करा माय" म्हणून पळालं.

*

दमणीच्या आत गीतानं हात पडद्याबाहेर दिला होता आणि ती वाट पाहत होती. आज खिडकी नव्हती. हात पुढे काढण्यात काही अर्थ नव्हता. मांडीवर मुलगा झोपला होता, बाजूला सासू डोळे मिटून टेकली होती. खुर्शीदानं उजव्या हातात चुड्या चढवल्या. मग बाहेर वहाणांची फटफट वाजली. मग डावा हात कोणीतरी हातात घेतला.

तो हात चुडी चढवायची घाई करत नव्हता. त्यानं मनगटाभोवती बोटं फिरवली, दाबून पाहिलं, तळवा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. गीतानं त्या हाताची बोटं धरली आणि सोडलीच नाहीत.

"काय वं, किती वेळ?" मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. "चुडी अडकली का?"

मनकर्णाबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"कोन आहे बाहेर?"

"मी आहो, ईनबाई," गोजरबाई म्हणाल्या. "गोजर."

"पायी आली?"

"पायी आली."

"ओळीतून?"

"हाव."

मनकर्णाबाईंनी पडदा बोटानं जरासा बाजूला केला. विहिणीचा पदर घसरलेला, पायात पुरुषाच्या वहाणा, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. मागे खुर्शीदा टोपली पोटाशी धरून उभी. मनकर्णाबाई पाहत राहिल्या.

"सोनाळ्यात मणियार आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "माहीत आहे का तुले? घरी येऊन चुड्या भरते. तरी मी वाटेत मुक्काम करत, पाठ मोडून, दरसाल या पोरीले इथंच घेऊन येतो. खामगावात आली तरी तुह्या दारासमोरच थांबतो. काऊन, म्हणून कोनी इचारलं का? तुह्या मालकानं इचारलं? तुह्या पोरानं?"

गोजरबाईंनी मान हलवली, नाही.

"चार बायांत बोलून बसली," मनकर्णाबाई पुटपुटल्या. "बोलल्यावर माणूस काय करते?" मग त्यांनी आवाज चढवून गाडीवानाला विचारलं, "काय रे, आत नाही जात का दमणी?"

"नाही जात मालकीणबाई. खांब आहेत. शिपाई आहे."

"मोठ्या लोकांचीही नाही?"

"कोनाचीच नाही."

"बरं आहे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मग पायीच जावं लागते." त्यांनी पडदा पुरता बाजूला सारला. "गीता, उतर. पदर घे नीट. हे पोरगं भारी झालं आता, मले पेलत नाही. धर वं गोजर."

झोपलेला नातू गोजरबाईंच्या खांद्यावर आला. तो उष्ण होता आणि त्याच्या तोंडाला गुळाचा वास होता. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि कोकिळेनं त्यांना धरलं. गीता उतरली. तिनं पोराच्या पाठीवर, मायच्या हातावर आपला हात ठेवला.

मनकर्णाबाई खांबाला धरून उतरल्या. दोन खांबांच्या मधून आत आल्या आणि थांबल्या. पुढे ओळ सरळ पसरलेली, दोन्हीकडे दुकानं, लुगडी टांगलेली, चिवडा तळण्याचा वास, मध्ये पोरांची पळापळ. त्या इतकी वर्षं खामगावात येत होत्या आणि त्यांनी हे पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं.

"तुह्या पोरानं केलं म्हणे हे?"

"हो," गोजरबाई म्हणाल्या.

"हुशार आहे. बापावर नाही गेला." त्या चालू लागल्या आणि पहिल्याच दुकानापुढे पुन्हा उभ्या राहिल्या. तिथं भांडी होती. त्यांनी एक गडवा हातात घेतला, बोटानं वाजवून पाहिला, ठेवला. दुसरा घेतला.

खुर्शीदा पुढे गेली होती. ती वळून म्हणाली, "चला ना बाई. पोराले ऊन लागते."

"थांब वं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पाहू दे मले. एवढी काय घाई आहे?"

गोजरबाईंना घाई नव्हती. नातवाचं डोकं त्यांनी पदराच्या सावलीत घेतलं, आणि विहीण तिसरा गडवा वाजवत होती तोवर त्या ओळीच्या मधोमध उभ्या राहिल्या.